आपांच्या जिन्यातली हावर्थिया

पहिली हावर्थिया मी कोरफड समजून आणली होती. नवरा पालीजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. एका रविवारी त्याच्याबरोबर बिंदुसरा धरणावर गेले होते, आणि परतताना रस्त्याच्या कडेच्या नर्सरीत कढीपत्त्याचं रोप घ्यायला थांबलो. तिथं काळ्या पिशवीत एक काटेरी दिसणारं, तळहातात मावेल असं रोप होतं. पानांवर पांढरे आडवे पट्टे. नर्सरीवाला म्हणाला, "छोटी कोरफड हाय ताई, मोठी व्हईल." कढीपत्ता उन्हाळ्यात गेला. कोरफड राहिली, पण मोठी काही झाली नाही. वर्षभर ती जशी आणली तशीच होती. शेवटी एकदा मोबाइलवर तिचा फोटो टाकून शोधलं, तेव्हा कळलं की ती कोरफडीची लांबची नातेवाईक आहे, दक्षिण आफ्रिकेतली आहे, आणि तिला एवढंच व्हायचं असतं.

मी बीडला पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर समोर रांग असते. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं आणि ते लगेच हवं असतं. घरी गेल्यावर गच्चीत एक वस्तू अशी होती की जिला आठवडाभर काहीच नको असायचं. एवढंच कारण होतं. त्यात मला काही मोठं सापडलं असं नाही.

मग मी पुण्याच्या एका नर्सरीतून आणखी मागवायला लागले. हावर्थियाचे कितीतरी प्रकार असतात. काहींची पानं टोकाला सुरीनं कापल्यासारखी सपाट असतात. काहींच्या पानांचा वरचा भाग काचेसारखा आरपार असतो. मूळ जागी ही रोपं मातीत गळ्यापर्यंत बुडालेली असतात, आणि त्या पारदर्शक टोकांतून ऊन आत जातं. मला हीच आवडायची. आमच्या गच्चीवर मी हिरवी जाळी बांधून घेतली. काळी माती चालत नाही, मुळं सडतात, म्हणून मुरूम चाळून आणला, त्यात वीटभट्टीची राख आणि थोडं शेणखत. बोअरचं पाणी घातलं की पानांवर पांढरा थर बसतो, म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवायला लागले. नवऱ्यानं एवढंच विचारलं, की कपडे वाळत घालायला जागा राहील ना. राहिली, थोडी.

चकलांब्याहून आई आली की ती गच्चीत जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"कावून ठिवलंय गं हे? ना फूल, ना फळ. केसाला लावावं म्हणलं तर गर बी न्हाई त्याच्यात."

"असू दे ना आई."

"असू दे की. मी काय म्हणत न्हाई. पाणी लई लागत न्हाई, तेवढं बरं हाय."

आपांची माझी ओळख पार्सलमुळे झाली. एक दिवस पोस्टात टपालाच्या पिशव्या उघडल्यावर एक खोका निघाला. त्यावर भोकं पाडलेली, पुण्याच्या त्याच नर्सरीचा शिक्का, आणि लाल शाईत 'जिवंत रोपे' असं लिहिलेलं. मला वाटलं माझंच आहे. पण मी तर काही मागवलं नव्हतं, आणि पत्ता जुन्या भागातल्या एका गल्लीचा होता. मी तो खोका उचलून पंख्याखाली ठेवला. दुपारी एक बाई तो न्यायला स्वतःच आल्या. सत्तरीच्या असतील. पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी.

"खोका उन्हात तर ठेवला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही. पंख्याखाली ठेवलाय. मलाही ह्याच नर्सरीतून येतात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय येतं?"

"हावर्थिया."

मागे रांग होती. त्यांनी सही केली, खोका पिशवीत उभा ठेवला आणि म्हणाल्या, "रविवारी या. दुपारी नको, मी झोपते. सकाळी या."

त्या उर्दू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गल्लीत सगळे त्यांना आपा म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. मी 'पाह्यलं' म्हटलं की त्या 'पाहिलं' म्हणून पुढं बोलायच्या, जणू काही झालंच नाही. त्यांच्या नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, ते वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा हैदराबादला इंजिनिअर. घरात त्या एकट्याच.

रोपं जिन्यात होती. खालून गच्चीपर्यंत जाणाऱ्या बंदिस्त जिन्याला उत्तरेकडून जाळीच्या विटांची भिंत होती, आणि प्रत्येक पायरीच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागात कुंड्या मांडलेल्या. कान तुटलेले कप, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं, नवऱ्याच्या दुकानातले पत्र्याचे डबे. ऊन थेट कुठेच येत नव्हतं, उजेड मात्र दिवसभर. चढायचं तर एका अंगानं चढावं लागे. मी पहिल्यांदा चढले तेव्हा प्रत्येक पायरीवर थांबले. माझ्या गच्चीतल्या रोपांची पानं उन्हानं तांबूस झालेली असत, ही मात्र भरलेली, थंड दिसत होती.

"तू ह्यांना जास्त ऊन देतेस," माझ्या मोबाइलमधले फोटो बघून त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' तिथंच झालं. "आणि बेटा, जास्त बघतेस. रोज बघितलं की रोज काहीतरी करावंसं वाटतं."

मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायला लागले. चहा व्हायचा. आम्ही रोपांशिवाय फारसं काही बोलत नव्हतो, आणि ते दोघींनाही सोयीचं होतं. ईदला त्या शीरखुर्म्याचा डबा पाठवायच्या, दिवाळीला माझ्याकडून करंज्या जायच्या.

एका थंडीत आपांचं एक रोप आणि माझं एक रोप बरोबरच फुललं. हावर्थियाचं फूल म्हणजे कौतुक करावं असं काही नसतं. हातभर लांब, सुतळीएवढी दांडी, आणि तिच्यावर गव्हाच्या दाण्याहून जरा मोठी पांढरी फुलं. पण तिला स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या रोपाचेच लागतात, आणि दोन्ही एकाच वेळी फुलायला हवीत. आपांचं रोप रुंद, फिक्या हिरव्या पानांचं होतं. माझं लहान, काळपट, पानाच्या काचेत पांढऱ्या रेघा. आपा म्हणाल्या, "घेऊन ये. बघू या काय होतं."

मी कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतली आणि रिक्षानं गेले. रिक्षावाल्याला वाटलं काही खायचं आहे. आपांनी रंगकामाचा बारीक ब्रश घेतला होता, त्याचे दोन-तीन केस ठेवून बाकी कापून टाकलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, हात मात्र स्थिर. फुलाच्या पाकळ्या त्यांनी नखानं अलगद ओढून काढल्या, आतले पराग केसावर घेतले आणि माझ्या रोपाच्या फुलात टेकवले. मग उलट.

"हे तिकडं आफ्रिकेत कोण करतं?" मी विचारलं.

"तिकडच्या माशा करत असतील. आपल्या बीडच्या माशांना गूळ सोडून एवढ्याशा फुलात शिरायची काय गरज?"

थोड्या दिवसांनी दांडीवर हिरव्या शेंगा धरल्या. पिकल्या की त्या फुटतात आणि बी उडतं, म्हणून आपांनी सरबताच्या नळीचे तुकडे कापून प्रत्येक शेंगेवर टोपीसारखे घातले. बी काळं, मोहरीहून बारीक. ते कागदाच्या पुडीत ठेवून दिलं. पुढच्या दिवाळीनंतर हवा गार झाल्यावर मुरूम उकळत्या पाण्यानं धुऊन मिठाईच्या प्लास्टिक डब्यात पेरलं. हिरवे ठिपके आले. ते मोठे झाल्यावर निम्मे आपांनी ठेवले, निम्मे मला दिले.

त्यानंतर बराच काळ काही घडलं नाही. हावर्थियाच्या नादात बहुतेक वेळ असाच जातो. तिसऱ्या हिवाळ्यात रोपांना रूप यायला लागलं. आपांनी फोन केला, "तुझी पण घेऊन ये. निवडायची आहेत."

मला वाटलं, चांगली कुठली ते बघायचंय. मी माझा ट्रे नेला. आपा पायरीवर बसल्या होत्या, शेजारी लोखंडी घमेलं. त्या एकेक कुंडी उचलायच्या, उजेडाकडे धरायच्या, आणि रोप मुळासकट उपटून घमेल्यात टाकायच्या. "हे नाही. हे नाही. हे... नाही."

मी थोडा वेळ बघत राहिले. मग म्हटलं, "आपा, ह्याच्यात वाईट काय आहे?"

"वाईट नाही. साधं आहे."

"साधं असलं तर काय झालं?"

"साधं बाजारात मिळतं. त्यासाठी तीन हिवाळे कशाला घालवायचे?"

"मग मला द्या ना."

"नाही. आज तू नेशील, उद्या कुणाला तरी देशील. तो म्हणेल, आपांच्या बियाचं आहे. असलं रोप माझ्या नावानं गावात फिरायला नको."

"गावात हावर्थिया ओळखणाऱ्या आपण दोघीच आहोत, आपा."

त्या हसल्या नाहीत. सगळ्यांतून त्यांनी तीन ठेवली. त्यांतलं एक खरंच वेगळं होतं. जवळजवळ काळं, आणि पानांच्या काचेत दव गोठल्यासारखी पांढरी जाळी. ते त्यांनी वरच्या पायरीवर ठेवलं. मग त्यांचा हात माझ्या ट्रेकडे आला. इतकी वर्षं त्यांनी मुलांचे पेपर तपासले होते, आणि तो हात तसाच येत होता. मी ट्रे मागे घेतला.

"माझी मी बघते."

"तुला दया येते," आपा म्हणाल्या. "दया म्हणजे पारख नव्हे."

मी चहा न घेता निघाले. भांडण असं झालं नाही. पण पुढच्या रविवारी मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एकदा आपा पोस्टात आल्या तेव्हा माझ्या काउंटरला एकच माणूस होता, तरी त्या शेजारच्या लांब रांगेत उभ्या राहिल्या. मीही मान वर केली नाही. त्या ईदला डबा आला नाही. नवऱ्याच्या ते लक्षात आलं, एकदा तो म्हणाला, "रविवारी घरीच असतेस हल्ली."

उन्हाळा लागता लागता त्यांचा फोन आला.

"गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मुलगा हैदराबादला नेतोय. पावसाळ्याशिवाय येणं होणार नाही. चावी तुझ्याकडे ठेवू का?"

मधल्या महिन्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही काढलं नाही. "ठेवा," म्हटलं.

"गरज पडली तशी आठवण आली," नवरा म्हणाला.

"मला पडली असती तर मीही त्यांनाच फोन केला असता," मी म्हटलं. ते खरं होतं. दुसरं कोण होतं?

चावी देताना आपांनी एवढंच सांगितलं, "उन्हाळ्यात ती झोपलेली असतात. पाणी विसरलीस तरी चालेल. आठवून आठवून देऊ नकोस."

मी ऑफिस सुटल्यावर जायची. दार उघडायचं, जिना चढायचा, एखाद्या कुंडीला थोडं पाणी, बाकीच्यांना नाही. मे महिन्यात त्या जिन्याच्या भिंती सूर्य बुडाल्यावरही तव्यासारख्या तापलेल्या असायच्या. जाळीच्या विटांतून येणारी हवा गरम. मी वरच्या पायऱ्यांवरच्या कुंड्या खाली आणल्या, विटांना ओलं पोतं लावलं. पट्ट्यांची रोपं मिटून, सुरकुतून बसली होती, ते ठीक होतं. ती तशीच उन्हाळा काढतात.

एका संध्याकाळी त्या काळ्या रोपाची पानं मला जरा जास्तच पारदर्शक वाटली. बोट लावलं तर ती पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी हलली. उचललं तर रोप नुसतंच हातात आलं. खाली मुळं नव्हतीच. बूड चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. आदल्या खेपेला त्यात काही दिसलं नव्हतं.

मी तिथंच पायरीवर बसून हैदराबादला फोन लावला. आपा नुकत्याच वॉकर धरून चालायला लागल्या होत्या, त्यांच्या आवाजात धाप होती.

"आपा, ते काळं गेलं."

पलीकडे टीव्हीवर कुणीतरी तेलुगूत बोलत होतं.

"मुळं पाहिलीस?"

"मुळं राहिलीच नाहीत."

"पाणी कधी दिलं होतंस?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर दिलंस. गरमीनं गेलं. माझ्याकडेही गेलं असतं." मग लगेच, वर्गात विचारावं तसं, "एखादं पान शाबूत आहे का बघ."

एक होतं. बाहेरच्या फेरीतलं, घट्ट.

"बुडापासून काढ. हिसका देऊ नकोस. सावलीत वाळू दे, मग कोरड्या मुरमावर आडवं ठेव. आणि आता घरी जा, जेवणाची वेळ झाली असेल."

त्या मला बोलतील असं वाटलं होतं. बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी पान कागदात गुंडाळलं, बाकीचं रोप घमेल्यात टाकलं आणि कुलूप लावून घरी आले.

पावसाळ्यात त्या पानाला मुळं फुटली. चांगली जाड, पांढरी. मी फोटो पाठवला. आपांनी लिहिलं, "आता वाट बघ." पण बुडाशी कोंब येईना. असं होतं कधी कधी. पान जिवंत राहतं, मुळं पाणी ओढतात, पण रोप काही होत नाही. आपा दर फोनला विचारायच्या, "पान काय म्हणतंय?" मी म्हणायची, "तेच." आमचे फोन मात्र ह्या निमित्तानं पूर्वीपेक्षा वाढले.

दिवाळीच्या सुमारास त्या बीडला आल्या, पण राहायला नाही, आवरायला. मुलानं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं. गुडघा बरा झाला होता, जिना मात्र चढायचा नव्हता. मी सुट्टी काढली आणि सगळ्या कुंड्या एकेक करून खाली अंगणात आणल्या. आपा प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. मुलानं एकच खोका दिला होता, भाज्यांचा, मोटारीच्या मागच्या सीटवर बसेल एवढा.

मला वाटलं होतं आता त्यांना जड जाईल. पण त्यांनी पटापट सांगितलं. हे घे, हे घे, ते नको. दुर्मिळ म्हणून त्यांनी कधीकाळी पुण्याहून, बंगळुरूहून मागवलेली कितीतरी रोपं तशीच राहिली. शेवटी त्यांनी कोपऱ्यातला एक पत्र्याचा डबा दाखवला. त्यात पट्ट्यांची साधी हावर्थिया होती, कुठल्याही रस्त्याकडेच्या नर्सरीत मिळते ती. पिल्लं येऊन येऊन डबा फुटायला आलेला, खालची पानं वाळलेली.

"हे पण?"

"ते आधी ठेव. ह्याच्या अब्बांनी आणलं होतं." त्यांनी मुलाकडे मान केली. "दुकानात काचेखाली ठेवायचे. घड्याळ घेऊन आलेली माणसं तेच बघत बसायची."

मी डबा खोक्यात तळाशी ठेवला आणि बाजूंनी वर्तमानपत्र कोंबलं. निवडलेल्या तीन रोपांतली उरलेली दोन त्यांनी मला दिली. "हैदराबादला बाल्कनीत उजेड कमी. तिथं ह्यांचा रंग राहणार नाही. तुझ्या गच्चीवर बरा राहील."

"आणि बाकीची?"

"बाकीची तुझी. काय करायचं ते तू ठरव."

मोटार गेल्यावर मी टेम्पो बोलावला. आमची गच्ची इतकी भरली की कपडे जिन्याच्या कठड्यावर वाळत पडू लागले. नवऱ्यानं काही दिवस सोसलं, मग एका सकाळी ओला शर्ट हातात घेऊन नुसता गच्चीच्या दारात उभा राहिला. मी काय ते समजले.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज पिशवीतून काही कुंड्या पोस्टात न्यायला लागले. काउंटरच्या कडेला ठेवायची आणि ज्याला हवी त्याला द्यायची. एक निवृत्त तलाठी घेऊन गेले, फळांचा गाडा लावणाऱ्या एका बाईनं दोन नेल्या, एकानं विचारलं, "मॅडम, हे बचतीवर फ्री हाय का?" माजलगावहून आलेल्या एका मुलीनं तर जाणकारासारखं पानाच्या काचेकडे डोळा लावून पाहिलं. मी सगळ्यांना एकच सांगायची, पाणी कमी घाला. त्यातली किती जगली ते मला माहीत नाही. पोस्टातल्या माणसांच्या टेबलांवर दोन-तीन अजून आहेत, त्यांतल्या एकीत पेन खोचलेलं असतं.

हे आपांना सांगावं की नाही, असा मी थोडा विचार केला. मग सांगितलं.

"कुणालाही दिलीस?"

"जो मागेल त्याला."

"माझं नाव नाही ना सांगितलंस?"

"नाही."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी हसल्या.

ते पान पुढच्या उन्हाळ्यात सुकलं. मी कळवलं, त्यांनी "बरं" एवढंच लिहिलं. ती दोन रोपं माझ्याकडे आहेत. त्यांना अजून नाव नाही. आपांच्या बाल्कनीत आता खोक्यातून गेलेली रोपं आहेत, फुगलेली, फिकट. त्या फोटो पाठवतात आणि स्वतःच खाली लिहितात, रंग गेला. नातीला मराठी शिकवतात. नात म्हणते, दादी, असं कुणी बोलत नाही. गुडघा पावसाळ्यात दुखतो. बीडला पाऊस झाला का, बिंदुसरा भरलं का, माझ्या आईच्या दातांचं काय झालं, हे सगळं त्यांना कळायला हवं असतं. आईची आणि त्यांची कधी गाठ पडलेली नाही, पण त्या तिची रोज भेट होत असल्यासारखी चौकशी करतात. मीही नातीच्या परीक्षेचं विचारते. आताशा आमच्या बोलण्यात हावर्थियाचा विषय शेवटी निघतो, आणि कधी कधी तर फोन ठेवल्यावर लक्षात येतं की तो निघालाच नाही.